उपवासकाळ, उचल आणि परतफेड

फेब्रुवारी-मार्चात बीड जिल्ह्यात उपवासांची दाटी होते. महाशिवरात्रीला परळीत वैजनाथाच्या दर्शनाची रांग लागते. गेली काही वर्षे रमजानही याच सुमारास येतो आहे. २०२६ मध्ये १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती, १८ला कॅथलिकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार आणि १९ला पहिला रोजा. आठवडाभराच्या आत तीन धर्मांची व्रते एकामागोमाग आली. पहिले आणि तिसरे व्रत जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मधले फारसे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण जिल्ह्यात ख्रिस्ती थोडे आणि त्यांतले कॅथलिक आणखी थोडे. २०११च्या जनगणनेनुसार अख्ख्या महाराष्ट्रातच ख्रिस्ती लोकसंख्या १ टक्क्याच्या आत आहे.

पण ज्या प्रश्नावर हा चाळीस दिवसांचा काळ उभा आहे तो अल्पसंख्याकांपुरता नाही. चूक केली, ती कळली, मनाला लागली, पुढे काय? रडून मोकळे व्हायचे, देवापुढे कबूल करायचे, की ज्याचे नुकसान केले त्याच्या दारात जाऊन ते भरून द्यायचे? कॅथलिक परंपरेने दोन हजार वर्षांत या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. त्यांतले कोणते उत्तर बीडच्या मातीत उतरते, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

चाळीस दिवसांची घडण

येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, ही उपवासकाळामागची मूळ कथा. इ. स. ३२५च्या निकाया परिषदेच्या नियमांत ‘चाळीस दिवसां’चा उल्लेख येतो, म्हणजे चौथ्या शतकापर्यंत हा काळ रूढ होऊ लागला होता. ईस्टरच्या रात्री नव्या लोकांना स्नानसंस्कार दिला जाई. त्यांची तयारी या दिवसांत होई. सोबत आणखी एक वर्ग असे: खून, व्यभिचार, श्रद्धात्याग अशी जाहीर पापे केलेल्यांचा. त्यांना सगळ्या मंडळीसमोर प्रायश्चित्त करावे लागे आणि पवित्र गुरुवारी त्यांना पुन्हा मंडळीत घेतले जाई. पाप उघड झाले तर पश्चात्तापही उघड, असा तो हिशेब होता.

सहाव्या-सातव्या शतकात आयरिश मठवाशांनी वेगळी रीत आणली. पापी माणसाने धर्मगुरूच्या कानात पाप सांगायचे आणि त्याने नेमून दिलेले प्रायश्चित्त एकट्याने पूर्ण करायचे. ही रीत युरोपभर पसरली. ११ व्या शतकाच्या अखेरीपर्यंत राखेच्या बुधवारी राख लावण्याचा विधीही केवळ जाहीर पाप्यांपुरता न राहता सर्वांसाठी झाला. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे, असे बंधन घातले. प्रॉटेस्टंट सुधारकांनी या पद्धतीवर टीका केल्यावर १५५१मध्ये ट्रेंट परिषदेने तिचा बचाव केला आणि तिची मांडणी पक्की केली. या वाटचालीत पाप खासगी होत गेले. त्याचा फायदा झाला, कारण माणसाची लाज राखली गेली आणि दयेचे दार वारंवार उघडे राहिले. तोटाही झाला. ज्याचे नुकसान झाले तो माणूस चित्रातून हळूहळू बाहेर गेला.

नियम थोडे, मागणी मोठी

आजचे नियम पाहिले तर ते आश्चर्य वाटावे इतके सौम्य आहेत. पोप सहावे पॉल यांनी फेब्रुवारी १९६६मध्ये उपवासाची शिस्त नव्याने आखली, ती पुढे १९८३च्या धर्मविधिसंहितेत आली. कडक उपवास दोनच दिवस: राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. तो १८ ते ५९ वर्षे वयाच्या निरोगी माणसांना. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षांपासून पुढे. आजारी, गर्भवती, कष्टाची कामे करणारे यांना सूट. एकादशी आणि रोजा पाळणाऱ्या शेजाऱ्यांना हा उपवास बेताचाच वाटेल.

मागणी मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. राखेच्या बुधवारी मिस्सात योएल संदेष्ट्याचे वाचन होते. वस्त्रे नाही, अंतःकरण फाडा, असा त्याचा आशय आहे. त्याच दिवशी मत्तयच्या शुभवर्तमानातून दान, प्रार्थना आणि उपवास गाजावाजा न करता करण्याची ताकीद वाचली जाते. लगेच येणाऱ्या शुक्रवारी आणि शनिवारी यशयाच्या ५८ व्या अध्यायाचे वाचन असते. लोक उपवास करतात आणि त्याच दिवशी मजुरांना पिळतात, म्हणून देव त्यांच्या उपवासाकडे पाहत नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. जोखड मोडणे, पिळलेल्यांना मोकळे करणे, भुकेल्याला भाकरी देणे हाच देवाला हवा असलेला उपवास. उपवासकाळाच्या पहिल्या चार दिवसांतच ही वाचने येऊन जातात. पुढच्या आठवड्यांत प्रवचन कुठे वळणार हे त्यावरून ठरायला हवे.

पापनिवेदनाबद्दलची शिकवणही इतकीच ठाम आहे. त्याचे तीन भाग: मनापासून पश्चात्ताप, धर्मगुरूपुढे पापाची कबुली, आणि भरपाई. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद १४५९) या तिसऱ्या भागाचा खुलासा आहे. चोरलेली वस्तू परत करणे, कुणाची बदनामी केली असेल तर त्याची अब्रू त्याला परत मिळवून देणे, इजा केली असेल तर भरपाई देणे, ही साध्या न्यायाची अपेक्षा आहे. धर्मगुरूने दिलेली क्षमा पाप पुसते. पापाने घडवलेला बिघाड आपोआप दुरुस्त होत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय याचे ठळक उदाहरण आहे. येशू घरी आल्यावर तो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे वचन देतो. त्यानंतरच या घरात तारण आले, असे येशू म्हणतो.

पाप एकट्याचे की व्यवस्थेचे?

विसाव्या शतकात कॅथलिक विचाराने पाप आणि समाज यांचे तुटलेले नाते पुन्हा जोडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३मधील उपासनाविषयक दस्तऐवजात म्हटले की उपवासकाळातले प्रायश्चित्त केवळ अंतरंगातले आणि वैयक्तिक नसावे, ते बाह्य आणि सामाजिकही असावे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४च्या दस्तऐवजात ‘सामाजिक पापा’ची चर्चा केली आणि १९८७च्या पत्रात ‘पापाच्या रचना’ ही कल्पना मांडली. माणसे लहानमोठी पापे करतात, त्यांची साखळी होते, तिची व्यवस्था बनते. मग एखादा भला माणूसही त्या व्यवस्थेचा भाग होऊन अन्याय करत राहतो. त्याच वेळी त्यांनी एक इशाराही दिला. ‘व्यवस्था दोषी’ असे म्हणून कुणालाही हात झटकता येणार नाहीत, कारण व्यवस्थेच्या मुळाशी माणसांचेच निर्णय असतात.

१२ मार्च २०००, उपवासकाळाचा पहिला रविवार. त्या दिवशी त्याच पोपांनी रोममध्ये चर्चच्या सदस्यांनी इतिहासात केलेल्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. पुढे २०१५मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणाविषयीच्या पत्रात ‘पर्यावरणीय परिवर्तना’चे आवाहन केले. भारतात हा प्रवास २०१६मध्ये एका अवघड जागी येऊन पोचला. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चच्या आतही जातिभेद आहे, हे त्यात मान्य केले.

या विचारावर आक्षेपही आहेत. सगळे पाप समाजावर ढकलले की माणूस स्वतःला तपासायचे सोडतो, असे जुन्या वळणाचे धर्मगुरू म्हणतात. उलट, माणसे कानात पाप सांगून घरी जातात आणि सोमवारी तोच व्यवहार सुरू करतात, ही सामाजिक चळवळीतल्या लोकांची तक्रार. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. त्यांना जोडणारा धागा भरपाईचा आहे. ती नेहमी नेमक्या माणसाने नेमक्या माणसाला द्यायची असते.

मराठीतली परंपरा

मराठीत या काळाचे साहित्य जुने आहे. १५७९मध्ये गोव्यात आलेल्या इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापले गेले. जवळपास ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाने बायबलची कथा पुराणाच्या साच्यात आणली. १६५९मध्ये फ्रान्सिस्कु वाझ द गिमारायश यांचे येशूच्या दुःखसहनावरचे पुराण आले. मुंबई-साष्टीच्या ख्रिस्ती गावांत ते उपवासकाळात गायले जाई. गोवा वेल्हा येथे उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यातल्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक आजही निघते.

देशावरची परंपरा नंतरची. १९०३मध्ये जर्मन जेझुइट फादर हेन्री डोरिंग यांनी नगर जिल्ह्यातून ‘निरोप्या’ मासिक सुरू केले. तिकडे किनाऱ्यावर १९५५पासून वसईतून ‘सुवार्ता’ निघू लागले. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी धर्मचिंतनाला पाणी, जमीन आणि गुंडगिरीविरोधी लढ्याची जोड दिली. जानेवारी २०२० मध्ये बीडच्या शेजारी उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जुलै २०२४मध्ये त्यांचे निधन झाले.

या साहित्याला वारकरी शेजार लाभला. अनुताप हा आपल्या संतांचाही गाभ्याचा विषय आहे. बीड जिल्ह्यात तर मुकुंदराज आणि दासोपंतांचे अंबाजोगाई आहे, गडांचे नारळी सप्ताह आहेत, गावोगावी हरिनाम सप्ताह आहेत. व्यसन सोडण्याची शपथ तिथेही घेतली जाते, माळ घातलेला माणूस तिथेही बदलतो. फरक आहे तो रचनेत. वारकऱ्याचा अनुताप थेट विठ्ठलापाशी पोचतो. कॅथलिक पश्चात्तापाला धर्मगुरू आणि मंडळी असा साक्षीदार लागतो. त्या साक्षीदाराने भरपाईची आठवण करून द्यावी, ही अपेक्षा. मराठी ख्रिस्ती गीत आणि प्रवचन येशूच्या दुःखाने डोळे भरण्यात समृद्ध आहे. परतफेडीचा विषय त्यात फार थोडी जागा अडवतो.

मराठवाड्यातला कॅथलिक

निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यात कॅथलिक मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजले. फ्रान्सिस द सेल्सच्या संघातील फ्रेंच धर्मगुरूंनी वैजापूर तालुक्यातील घोगरगावाहून काम सुरू केले. फादर गुरियन जाकिये यांचे नाव त्या भागात आजही आदराने घेतले जाते. दुष्काळ, साथी, शाळा आणि जातीच्या जाचातून सुटण्याची इच्छा या सगळ्यांतून दलित कुटुंबे चर्चकडे आली. १९७७मध्ये अमरावती धर्मप्रांतातून औरंगाबाद हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. बीड जिल्हा त्यातच येतो.

या लोकांच्या पश्चात्तापाआधी त्यांच्यावर झालेल्या अन्यायाचा हिशेब मांडावा लागतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. त्यामुळे कागदावर एक आणि प्रार्थनेत दुसरी अशी ओळख घेऊन अनेक कुटुंबे जगतात. मुलाच्या शिक्षणासाठी कागदावर धर्म लपवणाऱ्या बापाने पापनिवेदनात काय सांगायचे? त्याच्या चुकीआधी कायद्याची आणि समाजाची चूक उभी आहे, हे धर्मगुरूला ठाऊक असायला हवे.

फडातला उपवासकाळ

बीडच्या उपवासकाळाचे खरे वेगळेपण मात्र ऊसतोडीत आहे. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलात, परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी घेतलेली उचल हंगामभर तोडून फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. कामाला दांडी मारली की खाड्याचा दंड. मुक्काम कोपीत. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून मीठ-मिरचीचा खर्च भागवायचा. या काळात राखेचा बुधवार, क्रुसाची वाट, झावळ्यांचा रविवार येतात आणि जातात. कोयत्यावर गेलेल्या कॅथलिक कुटुंबाचे गाव औरंगाबाद धर्मप्रांतात, आणि उसाचा फड पुणे, नाशिक किंवा बेळगाव धर्मप्रांतात. दोन्हीकडच्या वहीत ते कुटुंब गैरहजर.

पहाटे चारला उठून मोळ्या बांधणाऱ्या बाईला उपवासाचा नियम लागू नाही, कष्टकऱ्यांना सूट आहे. यशयाचे वाचन मात्र नेमके तिच्याविषयी आहे. वेठबिगारीला १९७६च्या कायद्याने बंदी आहे, तरी उचलीच्या कर्जाने माणूस बांधला जातो. २०१९मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. कामाचा खाडा नको, पाळीचा त्रास नको, डॉक्टरने भीती घातली, अशी अनेक कारणे त्यामागे होती. यात पापी कोण? डॉक्टर, मुकादम, कारखाना, स्वस्त साखर हवी असणारे आपण? ‘पापाची रचना’ म्हणजे काय, हे समजून घ्यायला रोमचा दस्तऐवज उघडण्याची गरज बीडच्या माणसाला पडू नये.

२०२०च्या उपवासकाळात हे सगळे उघडे पडले. २५ मार्चला टाळेबंदी लागली. २७ला पोप फ्रान्सिस रिकाम्या सेंट पीटर्स चौकात उभे राहून प्रार्थना करत होते, आणि राज्यातले ऊसतोड कामगार कारखान्यांच्या आवारात अडकले होते. १२ एप्रिलला ईस्टर झाला. कामगारांना गावी परतण्याची परवानगी त्यानंतर मिळाली. पाच वर्षांनी, २०२५च्या उपवासकाळाच्या संदेशात, त्याच पोपांनी सुचवले की आपल्या रोजच्या जगण्याची तुलना एखाद्या स्थलांतरित माणसाच्या जगण्याशी करून पाहावी. ते वर्ष जयंती वर्ष होते. बायबलच्या लेवीय ग्रंथातल्या जयंती वर्षाचा अर्थ कर्जमुक्ती, गुलामांची सुटका आणि जमिनीची परतफेड असा आहे.

क्षमा आणि न्याय

पश्चात्तापाच्या चर्चेत क्षमा सर्वांत सोपी वाटते आणि तिचाच गैरवापर सर्वांत जास्त होतो. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. डिसेंबर २०२४मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि जिल्ह्यातली खंडणी, दहशत आणि जातींमधली तेढ देशभर चर्चेत आली. अशा जागी ‘झाले गेले विसरा’ हे उपदेशाचे वाक्य चालत नाही. कॅथलिक शिकवण क्षमेला न्यायाच्या जागी बसवत नाही. अपराध्याने गुन्हा मान्य करावा, कायद्याची शिक्षा भोगावी आणि नुकसान भरून द्यावे. क्षमा करायची की नाही हे ज्याच्यावर अन्याय झाला त्याने ठरवावे. मध्यस्थाने पीडिताच्या वतीने क्षमा वाटणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय.

मग करायचे काय?

मूठभर कॅथलिकांनी जिल्हा बदलावा अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण आपला हिशेब नीट करणे त्यांच्या हातात आहे, आणि तो चार ठिकाणी सुरू होऊ शकतो. पहिले, ऊसतोडीवर जाणाऱ्या कुटुंबांची नावे ऑक्टोबरातच पुणे, नाशिक आणि बेळगाव धर्मप्रांतांच्या जवळच्या धर्मग्रामांना कळवावीत, म्हणजे उपवासकाळात धर्मगुरू आणि धर्मभगिनी फडावर जाऊ शकतील. दुसरे, कारितास इंडिया दरवर्षी उपवासकाळात भूक आणि आजाराविरुद्ध निधी गोळा करते. तसाच स्थानिक निधी उचलीत अडकलेल्या कुटुंबांसाठी उभारावा. तिसरे, चर्चच्या शाळा आणि दवाखान्यांनी आपल्या शिपायाला, आयाला, वॉचमनला काय पगार मिळतो ते याच काळात तपासावे. चौथे, मंडळीत कुणी मुकादम, सावकार किंवा हुंडा घेणारा असेल, तर पापनिवेदनात त्याला प्रार्थनेबरोबर परतफेडही सांगावी.

चारही गोष्टी चर्चच्या स्वतःच्या नियमांत बसतात. नव्या धर्मशास्त्राची गरज नाही. बीडमधल्या कॅथलिक उपवासकाळाचे यश चर्चमध्ये किती माणसे आली यावर मोजता येणार नाही. जिल्ह्यातली सगळ्यांत कष्टकरी माणसे त्या दिवसांत चर्चमध्ये नसतात, फडात असतात. एखाद्या धर्मग्रामाने एका हंगामात एका कुटुंबाच्या अंगावरची उचल फेडली, तर त्या वर्षीचा उपवासकाळ पाळला गेला असे म्हणता येईल. ते झाले नाही, तर कपाळावरची राख पहिल्याच आंघोळीत धुऊन जाते आणि उचल पुढच्या हंगामावर जाते.